मधुबनची शेवटची सहल

मोर्चाचा आवाज कोपऱ्यावर आला तसा बाबू चौगले टेबलाखाली शिरला. शिरताना ग्लास मात्र वरच ठेवून गेला.

"ग्लास घे की खाली, मर्दा," मी म्हणालो.

"सांडंल," तो खालून म्हणाला. "तू लक्ष ठेव. आणि गोष्ट थांबवू नकोस. हत्तीचं काय झालं पुढं?"

हत्तीचं असं झालं होतं, की सर्कशीतून सुटलेला हत्ती मॅटिनीला थेट आमच्या थेटरात आला, आणि मी दारावर असल्यामुळं त्याला तिकीट विचारणं मला भाग होतं. त्यानं सोंड मागून धावत आलेल्या माहुताच्या खिशात घालून बरोबर थर्ड क्लासचं तिकीट काढलं. आत जाऊन बसला. हिरॉइनची आई मेली तेव्हा रडला. पुढच्या तीन रांगा भिजल्या, माणसं छत्र्या उघडून बसली, आणि मागची माणसं बोंबलायला लागली की छत्र्या मिटा, पडदा दिसत नाही.

काउंटरमागं अनसाक्का हसली. तिच्या त्या हसण्यावर मी आणखी एक हत्ती आत आणला असता. पण तेवढ्यात मोर्चा दारात आला.

'आडवी करा, आडवी करा, बाटली आडवी करा!'

बायकाच बायका. पुढच्या ओळीत बाबूची सून होती, म्हणून बाबू खाली होता. आणि सगळ्यांच्या पुढं जीपमध्ये उभा राहून आमचा नगरसेवक विश्वास इंगवले लाऊडस्पीकरवरून सांगत होता, की पेठेतल्या माता-भगिनींच्या डोळ्यांतलं पाणी त्याला बघवत नाही. हा विश्वास निवडून आला त्या दिवशी ह्याच मधुबनच्या मोरीत मान घालून ओकत होता आणि त्याची पाठ मी चोळत होतो. डोळ्यांत पाणी त्याच्याही होतं. ते कुणाला बघवलं नव्हतं.

'हॉटेल मधुबन, परमिट रूम' म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या पेठेचा स्वर्ग. दार ढकललं की एकदम काळोख. वर एक पंखा, जो फिरायचा पण वारा कुणाला द्यायचा नाही. बरणीत उकडलेली अंडी, ताटलीत खारे वाटाणे. पहिला घोट घ्यायच्या आधी प्रत्येकानं ग्लासात बोट बुडवून दोन थेंब देवाच्या नावानं झटकायचे, अशी रीत. आमच्या टेबलाजवळच्या भिंतीवर ह्या थेंबांचा इतका मोठा तपकिरी डाग झाला होता, की नवीन गिऱ्हाईक त्याला नकाशा समजायचं. मी थेटरातून रिटायर झालेला डोअरकीपर, बाबू फाउंड्रीतून रिटायर झालेला मोल्डर. घरी आम्हाला कुणी विचारत नव्हतं. इथं विचारायची ती अनसाक्का हावळ. नवरा गेल्यापासून तीच गल्ल्यावर बसायची. कुणाला किती झाली हे तिला त्याच्या मानेवरून कळायचं. आम्ही तिला तोंडावर सांगायचो, "अक्का, तू आमची आई हायस." ती म्हणायची, "पाणी पी थोडं."

मोर्चा गेला. बाबू वर आला, ग्लास आहे का बघितलं, आणि मग गंभीर झाला.

"ह्या बायका जिंकत्यात काय रे?"

"न्हाई जिंकत," तोच पुढं म्हणाला. बाबू रोज पेपर वाचायचा, जाहिरातींसकट. "नियम काय हाय, तर वॉर्डाच्या यादीत जेवढ्या बायका हायत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच बार बंद. आलेल्यांच्या निम्म्या न्हाई, यादीतल्या निम्म्या. म्हणजे जी घरात झोपली, ती आपली. जी लगीन होऊन गेली आणि नाव इथंच ऱ्हायलं, ती आपली. जी मेली..."

"ती तर पक्की आपली," मी म्हणालो.

"म्हणून म्हणतो. ज्या बायका जित्या हायत, त्यांचं काय ते बघायचं. मतदानाच्या रविवारी त्या पेठेत नसल्या म्हंजे झालं."

"कुठं जातील?"

बाबूनं बोट ग्लासात बुडवलं, भिंतीवर झटकलं आणि म्हणाला, "नरसोबाच्या वाडीला. सहल काढायची. बायकांची. दत्ताच्या दर्शनाला कोण न्हाई म्हणंल?"

एवढी हुशारी त्या माणसाच्या डोक्यात कुठं होती कोण जाणे. मी अक्काकडं बघितलं. ती फडक्यानं काउंटर पुसत होती. हात थांबला.

"सगळ्या बायका?" तिनं विचारलं.

"जेवढ्या येतील तेवढ्या."

"आणि सैपाक?"

"सैपाक कशाला? जेवाण वाडीतच द्यायचं. बायकांना सैपाक न्हाई म्हणलं की त्या लंकेला बी येतील."

अक्कानं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग तिचं तोंड असं उजळलं, की मला वाटलं, बाईला धंदा वाचायची आशा दिसली.

"गाड्या मी बघतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'बघते' म्हणत नाहीत. बाहेरचा माणूस ऐकून गोंधळतो, आम्ही नाही. "तुम्ही दोघं कुणाला काय बोलू नका. आणि पुढचं चार दिस गप पिवा."

घरी आलो. माझी बायको मालन गवार मोडत बसली होती.

"रविवारी मत द्यायला जाणार काय?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कशाला? रविवारचं मटण कोण शिजवणार, इंगवले? आणि बाटली उभी ऱ्हायली काय, आडवी झाली काय. पिऊन आल्यावर आडवं तुम्हीच असता."

म्हणजे मालन आपली. मनात तिची एक पक्की रेघ मारली. पण सहलीचं सांगणं भाग होतं. सगळ्यांच्या बायका जाणार आणि माझी नाही, हे बरं दिसलं नसतं.

"वाडीला जाणार काय? अक्का गाडी काढणार हाय."

"दारूच्या पैशानं दत्त?"

"दत्ताला चालतंय. त्याला चार कुत्री चालत्यात."

"तुम्ही येणार?"

"व्यवस्थेला."

"मग न्हाई."

"मी टपावर बसतो."

"मग येतो," मालन म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून अक्का दारोदार फिरली आणि तिच्याबरोबर मी फिरलो. अक्काला पेठेतल्या बायका कशा वागवायच्या ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. 'या' कुणी म्हणायचं नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभी करायच्या आणि पदर असा नाकाशी धरायच्या, जशी काही ती माणूस नसून गटाराचं झाकण होती. अक्का मान खाली घालून म्हणायची, "रविवारी सैपाक करायचा न्हाई. जेवाण वाडीत हाय. गड्यांना सांगा, आपापलं करून घ्या." एवढ्यावर पदर नाकावरून खाली यायचा. मग अक्का म्हणायची, "निवृत्ती, तू थांब हितंच," आणि आत चुलीपर्यंत जायची. थोड्या वेळानं बाहेर यायची तेव्हा घरातली बाई तिला दारापर्यंत सोडायला यायची. मी मनात म्हणालो, काय जिभेची बाई आहे! मी आयुष्यभर गोष्टी सांगितल्या, पण मला कुणी दारापर्यंत सोडायला आलं नाही.

रविवार उजाडला. दोन लक्झरी गाड्या, वऱ्हाडाच्या असतात तशा, चौकात उभ्या. बायका नटूनथटून आल्या. गजऱ्यांचा वास एवढा, की बाबूला शिंका यायला लागल्या. मालन खिडकीशी बसली. मी ठरल्याप्रमाणं टपावर, बाबू आणि केळ्यांच्या घडांबरोबर. अक्का पुढच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं. दत्ताचा गजर झाला, गाड्या सुटल्या, आणि वाडीच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी पेठेतल्या शाळेपुढं जाऊन थांबल्या.

शाळेत मतदान होतं.

मी टपावरून उडी मारली. उडी कसली, पडलोच. "अक्का! हितं कशाला?"

"मत देऊन जाऊ," अक्का खाली उतरत म्हणाली. "देवाच्या दारात जायचं तर मागं काय ऱ्हायला नको."

बायका पटापट उतरून रांगेला लागल्या. माझं डोकं फिरलं. पण बाबूनं माझा दंड धरून मला बाजूला घेतलं आणि कानात म्हणाला, "गप. अक्का आपल्या बापाची बाप हाय. अरे, जिच्या गाडीत बसल्या, जिचं जेवणार, तिची बाटली कोण आडवी करंल? ह्या सगळ्या उभीवर मारत्यात बघ. विश्वासचं थोबाडच फुटतंय आज."

हे ऐकलं आणि अंगात बारा रेड्यांचं बळ आलं. उभीवरच मारणार आहेत तर एकही बाई घरी का राहावी? मी आणि बाबू गल्लीबोळांत पळत सुटलो. झोपलेल्या उठवल्या. ओले केस घेऊन एकीला आणलं. गोदाक्का म्हातारीचे पाय गेलेले. तिला मी पाठुंगळी घेतलं. ती रस्ताभर माझ्या टाळक्यावर हातानं ताल धरत होती.

"गोदाक्का, उभीवर मार हां," मी धापा टाकत म्हणालो. "माणूस जिता असतो तवर उभा असतो. मेला की आडवा. उभी म्हंजे शुभ."

"चाल, रेड्या. मला शिकवतोय."

शाळेच्या फाटकात विश्वास इंगवले पांढऱ्या कपड्यांत उभा होता. मला असा लादलेला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"निवृत्तीअण्णा, तुम्ही?"

"समाजसेवा," मी म्हणालो आणि म्हातारी आत नेऊन उतरवली.

मग आम्ही वाडीला गेलो. नदीत बायकांनी डुबक्या मारल्या, कुणी पेढे घेतले, कुणी कवठाची बर्फी. जेवणाच्या पंगतीत बायकांनी अक्काला हाताला धरून पहिल्या ओळीत बसवलं. ती कशावरून तरी हसली. हे हसणं मी मधुबनमध्ये कधी ऐकलं नव्हतं. पोटातून आलेलं, जरा बेसूर. मला वाटलं, जिंकल्याचं हसणं आहे. तसं ते होतंच.

दिवस मावळायच्या सुमाराला परत आलो तर चौकात गुलाल. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. विश्वास जीपवर चढून ओरडत होता, "महिलाशक्तीचा विजय असो!" बाटली आडवी झाली होती. काठावर नाही, चांगली ऐसपैस आडवी. बाबू टपावर माझ्या शेजारी बसला होता. तो केळीच्या रिकाम्या घडावर डोकं ठेवून रडायला लागला. अक्का खाली उतरली. कुणीतरी तिच्या खांद्यावर गुलाल टाकला. तो तिनं झटकला आणि मधुबनच्या जिन्यानं वर तिच्या खोलीत निघून गेली. मी म्हणालो, बाई कोसळली. मला एवढं वाईट वाटलं, की मी घरी जाऊन मटण नसतानाही जेवलो.

दोन-तीन दिवसांत साहेब लोक येऊन मधुबनला सील ठोकून गेले आणि मी आणि बाबू गावात बसायला जागा शोधत हिंडायला लागलो. शहरात कुठंतरी एक टेबल मिळेल, एवढीच अपेक्षा. ती वणवण आठवली की अजून तोंडात पाणी सुटतं, पण थुंकण्यासाठी.

स्टँडजवळचं 'राजहंस', जिथं बाबूनं पहिली बीअर प्याली आणि जिन्यावरून गडगडत आला, तिथं रक्त तपासायची लॅब झालेली. त्याच जिन्यावर माणसं उपाशी पोटी दंड दाबून बसलेली. आम्ही चुकून आत गेलो तर पोरीनं विचारलं, "फास्टिंग आहे का?" बाबू म्हणाला, "चार दिवस झाले."

लक्ष्मीपुरीच्या मागचं 'न्यू डायमंड', तिथं बालवाडी. बाहेरच्या भिंतीवर एक ससा रंगवलेला, दात काढून हसणारा, आणि त्याच्या पोटाखालून जुन्या अक्षरांतलं 'चिल्ड बीअर' अजून दिसत होतं. 'सागर'ची मोबाइलची शोरूम झाली होती. 'सागर'चा मालक काउंटरवर बसायचा तिथं आता टाय लावलेला एक उंच पोरगा उभा होता आणि आम्हाला 'सर' म्हणत होता. 'सर' म्हटल्यावर मला नेहमी मळमळतं. जो 'सर' म्हणतो तो बसू देत नाही.

एकच जागा अजून चालू सापडली, पण तीही बाटलेली. पूर्वीची साधी खोली. आता भिंतीवर मुद्दाम पोपडे उडवलेले, मुद्दाम जुने कंदील टांगलेले. आमच्या मधुबनात भिंतीच्या ओलीनं फुकट पोपडे पाडले होते, ह्यांनी माणसं लावून पाडून घेतले. ग्लासात दारू कमी आणि पुदिन्याचं रान जास्त. बाबूनं रीतीप्रमाणं बोट बुडवून दोन थेंब झटकले, तर वेटर धावत आला, "काका, वॉलपेपर आहे!" आम्ही उठलो. बाहेर आल्यावर बाबू म्हणाला, "देवाला बी बाहेर काढलं रे ह्यांनी."

आणि शेवटी आमच्याच पेठेत, मधुबनच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं बोर्ड दिसला. 'लवकरच! फॅमिली लाउंज अँड बार.' खाली विश्वास इंगवलेच्या पुतण्याचं नाव आणि विश्वासचा हात जोडलेला फोटो. रस्ता म्हणजे वॉर्डाची हद्द. अलीकडं बाटली आडवी, पलीकडं ती उभी. माता-भगिनींच्या डोळ्यांतलं पाणी रस्ता ओलांडत नाही. मी तिथंच गटारात थुंकलो. बाबू दोनदा थुंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच मधुबनच्या मागल्या बाजूनं परसात गेलो. मनात एकच होतं. पुढचं दार सरकारनं बंद केलंय, मागलं कुणी बघतंय? दोन खुर्च्या परसात, एक अक्का. एवढ्यावर म्हातारपण निघालं असतं.

अक्का परसात कुऱ्हाडीनं टेबलं फोडत होती. सील पुढच्या शटरला होतं. टेबलं तिनं मागल्या दारानं कधी ओढून काढली कोण जाणे. पदर खोचलेला, केस सुटलेले, घाव मात्र बरोबर सांध्यावर.

"अक्का, हे काय?"

"आलास बरं झालं. ती फळी धर."

मी फळी धरली. तिनं घाव घातला.

"अक्का, मी म्हणत हुतो, मागल्या दारानं आम्ही दोघंच आलो तर? बाबू आणि मी. परसात बसू. गोष्टी बी हळू आवाजात सांगतो."

"धर नीट."

"आणि तो बोर्ड बघितलास समोर? इंगवल्यानं फसवलं गं आपल्याला."

"तुम्हाला फसवलं. मला न्हाई." ती थांबली, कपाळावरचा घाम पुसला. "शाळंकडनं गाडी घे म्हणून डायवरला मी आदल्या दिशीच सांगून ठेवलं हुतं."

"ते ठावं हाय की. बायका तुझ्यासाठी उभीवर मारतील म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"बाबूनं."

"बाबूनं," ती म्हणाली आणि पुढचा घाव असा घातला की फळी माझ्या हातातून उडाली. "निवृत्ती, मी घरोघर चुलीपाशी जाऊन काय सांगत हुतो असं वाटलं तुला? दत्ताची आरती? मी सांगत हुतो, बायांनो, आडवीवर मारा. सैपाकात अडकू नका, गाडी दारात येती, मला ह्यातनं सोडवा. मी बी आडवीवरच मारला." तिनं बोट पुढं केलं. शाई अजून होती.

 माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"आणि गोदाक्कानं?"

"ती म्हणली, रेड्यावर बसून आलो, आडवीवर मारून जातो."

मी परसातल्या दगडावर बसलो. "अक्का, पण धंदा तुझा. बंद करायचा तर तू कुलूप लावायचंस. एवढ्या पेठेला कामाला कशाला लावलंस?"

"जागा माझी. लायसन दिराचं. तो पुण्यात बसून वाटा नेतोय. दोनदा म्हणलं, भावजी, बंद करूया. तर म्हणला, बंद केलीस तर वरच्या खोल्यांवर दावा लावतो, रस्त्यावर आणतो. आता सरकारनं बंद केलं, लाव म्हणावं सरकारवर दावा."

"पण का, अक्का? आम्ही तुला आई म्हणत हुतो."

"मी म्हणा म्हणलं हुतं?"

हे ती रागानं बोलली असती तर सोसलं असतं. ती साधं विचारत होती.

"किळस येती रे मला," ती म्हणाली. "तुम्ही येता दुपारी. तवर मी फिनेल मारलेलं असतंय. सकाळी शटर वर केलं की जो वास अंगावर येतो, तो तुमच्यातल्या एकाला ठावं न्हाई. ती मोरी वेटर धूत न्हाईत. मी धुतो. त्यात कुणाचे दात सापडत्यात, कुणाचं काय. मालक गेल्यावर चौदाव्या दिवशी हातात झाडू घेऊन हितंच उभी हुतो. आणि ती भिंत. देवाला म्हणून बोटं झटकता, देव काय त्या भिंतीत बसलाय? माश्या बसत्यात. दर दिवाळीला चुना मारतो, दर संक्रांतीला डाग वर. किती बी डोक्यावरनं पाणी घेतलं तरी देवळात शेजारची बाई सरकून बसती."

"आम्ही बोललो न्हाई तुला कधी वाईट," मी म्हणालो. "उलट तुझं मन रमावं म्हणून..."

"हां. तुझ्या गोष्टी."

"गोष्टींना काय झालं? तू हसायचीस."

"गिऱ्हाईक हसलं की हसायला लागतंय. तीच गोष्ट, तेच थांबणं, तेच डोळं मोठं करणं. दर वर्षी जनावर तेवढं मोठं होतंय. तू सांगत असलास की मी मनात उद्याचं वाटाणं भिजवत असतो."

तुम्हाला सांगतो, थेटरात सिनेमा चालू असताना रीळ तुटतं, तेव्हा पडद्यावर एकदम पांढरं होतं आणि सगळं थेटर ओरडतं. तसं माझं झालं, फक्त ओरडायला कुणी नव्हतं. मोरी, माश्या, दात, हे सगळं मी गिळलं असतं. माणूस पितो तिथं घाण होणारच. पण वाटाणे?

अक्कानं फुटलेल्या फळ्या गोळा करून सुतळीनं बांधल्या. माझी चांगली जाडजूड टेबलं, कोपरांनी गुळगुळीत झालेली.

"हितं मी पिठाची गिरण घालणार हाय," ती म्हणाली. "बायका डबं घेऊन येतील, बसतील. चांगला वास सुटंल." आणि ती मोळी तिनं माझ्याकडं ढकलली. "ही मालनला दे. थंडी पडायला लागली, बंबाला हुतील. गाडीत माझ्याशी चांगली बोलली ती."

गिरण पुढं झाली, अजून आहे. पण त्या दिवशी मी आपलंच टेबल खांद्यावर घेऊन भर सकाळी पेठेतून चाललो होतो. चौकात बाबू भेटला.

"मागल्या दाराचं काय म्हणाली अक्का?"

"न्हाई म्हणाली."

"का?"

"आजारी हाय," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तो रडला असता, आणि भर चौकात त्याला धरून कोण बसणार?

मालननं मोळी बघितली, कुठली हे विचारलं नाही. तिनं दोन फळ्या बंबात सारल्या. क्षणभर नुसता धूर. मग त्या फळ्यांनी असा पेट घेतला की जाळ निळा आला. वर्षानुवर्षं दारूत मुरलेल्या त्या. निळा म्हणजे निळाच, आकाशाच्या रंगाचा, आणि तो बंबाच्या तोंडातून हातभर बाहेर आला. आणि त्याच्यामागून वास आला.

मी तो वास ओळखला नाही. आधी वाटलं, गल्लीत काहीतरी मेलंय. आंबलेलं, अंडं सडल्यासारखं, त्यात थुंकी, त्यात ओकलेलं, त्यात बारीक फिनेल. मी नाकाला हात लावला. मालननं तोंडाला पदर लावला होता, पण ती बंबाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"ह्या वासाची मला सवय हाय," ती म्हणाली. "उशीला बी येतो."

बोलायला एवढी जनावरं होती माझ्याकडं, एकही आलं नाही.

"उभं काय ऱ्हायलाय?" मालन म्हणाली. "पाणी तापलं. डोक्यावरनं घ्या."

मी बादली भरली, न्हाणीचं दार आतून लावून घेतलं, आणि तिथूनच साबण मागितला.